विकायचंय का चालवायचंय?

कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवरून आत वळणाऱ्या एका बोळात, जिन्याखालच्या जागेत, घड्याळदुरुस्तीचं एक दुकान आहे. दुकान म्हणजे काचेचं एक टेबल, त्यामागं एक माणूस आणि पुढं गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. त्या स्टुलावर बसून मी पिशवीतनं डबा काढला, डब्यातनं रुमाल, रुमालातनं घड्याळ. दुकानवाल्या मामांनी ते हातात घेतलं. उघडलं नाही, कानाला लावलं नाही, नुसतं तळहातावर उताणं-पालथं केलं आणि चष्म्यावरनं माझ्याकडं बघत विचारलं, "ताई, विकायचंय का चालवायचंय?" मी म्हटलं, "आधी किंमत कळली असती तर बरं." ते म्हणाले, "तेच विचारतोय की ओ. विकायचं असंल तर एक किंमत, चालवायचं असंल तर दुसरी." आणि घड्याळ मखमलीच्या तुकड्यावर ठेवून ते गप्प बसले. घाई नव्हती त्यांना. मला मात्र काही बोलता येईना.

34 वर्षं मी एका बँकेत नोकरी केली, त्यातली निम्म्याहून जास्त सोनेतारणाच्या काउंटरला. अर्जात एक रकाना असायचा, 'कर्जाचा उद्देश'. समोरची बाई गळ्यातलं काढून टेबलावर ठेवत असायची आणि मी मान वर न करता विचारायचे, "कशासाठी पाहिजे?" शेतीला, घरदुरुस्तीला, पोराच्या फीला, असं काहीतरी ती सांगायची आणि मी लिहून टाकायचे. एखादी जरा जास्त वेळ गप्प राहिली की मीच सुचवायचे, "घरखर्च लिहू का?" त्या गप्प राहण्यात काय असतं, ते त्या दिवशी स्टुलावर बसल्यावर थोडं कळलं.

आई माघात गेली. शुक्रवार पेठेतलं घर आता पाडायचं ठरलंय, म्हणून सामानाची वाटणी. आम्ही तिघं. भांडण-बिंडण काही नाही, उलट सगळे इतके समजूतदारपणे वागतोय की त्याचाच ताण येतो. दादानं फुलस्केप वहीत तीन रकाने आखलेत: वस्तू, कुणाकडे, किंमत. तांब्या-पितळेची भांडी किलोवर लावली. शिलाई मशीन धाकट्याच्या बायकोला, त्याचे 2 हजार धरले. देव दादाकडं, त्यांची किंमत लावायची नाही. खाली कुठंतरी लिहिलंय, 'फेवर ल्युबा घड्याळ – 50,000?' प्रश्नचिन्ह दादाचंच. शेजारच्या पोरानं त्याला मोबाइलवर दाखवलं होतं, असंच घड्याळ कुणीतरी 50 हजाराला लावलंय म्हणून. त्याच्या खालची ओळ, 'एचएमटी जनता', आणि किमतीच्या रकान्यात एक आडवी रेघ. "तू बँकेत होतीस, तुला किंमत काढायची सवय आहे," म्हणून दोन्ही घड्याळं माझ्याकडं आली.

खरं तर ती माझ्याकडं आधीपासूनच होती. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेच्या पुराचं पाणी जामदार क्लब ओलांडून आत आलं, तेव्हा आईला घरातनं काढायला मीच गेले होते. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका हे इथल्या पोरासोरांना पाठ असतं, पण त्या वर्षी पाणी 55 च्या वर चढलं आणि आकड्यांवरचा विश्वासच उडाला. आईनं एका हातात औषधांची पिशवी धरली होती आणि दुसऱ्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. दागिने घेतले का विचारलं तर म्हणाली, "ते लॉकरात हाईत." रिक्षात डबा खडखडत होता. मला वाटलं सुटे पैसे असतील.

मामांनी शेवटी माझ्या उत्तराचा नाद सोडला आणि भिंग डोळ्यात बसवलं. भिंग चढलं की माणसाचा चेहरा बदलतो, अर्धा मिटतो. टेबलावर ट्यूबलाइट अगदी खाली ओढलेली. काचेखाली घड्याळांच्या सुट्या चाव्या एका औषधाच्या बाटलीत, काटे दुसऱ्या बाटलीत, आणि एका वाटीत पेट्रोलमध्ये भिजत पडलेली चाकं. पेट्रोलचा तो वास, त्यात जुन्या चामड्याच्या पट्ट्यांचा घामट वास आणि बाहेरच्या गाड्यावरनं येणारी भज्यांची फोडणी. फेवर आधी. हे घड्याळ आबांना, म्हणजे आमच्या वडलांना, लग्नात सासऱ्यांनी दिलेलं, 1962 साली. जावयाला घड्याळ आणि अंगठी द्यायची तेव्हाची रीत. अंगठी पुढं कधीतरी मोडली, घड्याळ राहिलं. आबा ते फक्त लग्नकार्याला आणि दिवाळीच्या पाडव्याला घालायचे. एरवी ते आईच्या कपाटात, शालूच्या घडीत, डांबरगोळ्यांच्या वासात. पिवळंधमक होतं म्हणून आम्हा पोरांची समजूत होती की ते सोन्याचं आहे. मामांनी पट्ट्याच्या खोबणीशी नख लावून दाखवलं: कडेला पिवळा रंग जाऊन आतला फिकट धातू दिसत होता. "हे पाणी दिल्यालं हाय. चांगलं जाड पाणी, 20 मायक्रॉन. पण पाणीच." मला हसू आलं. आबा उद्यमनगरात मशीनवर होते आणि घरातसुद्धा थाउमध्ये बोलायचे. भाकरी जाड झाली तर "पाच-धा थाउ कमी कर" म्हणायचे. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, जवळजवळ 25 मायक्रॉन. म्हणजे आमच्या घरातलं सगळ्यात मौल्यवान सोनं आबांच्या हिशेबात पुरतं एक थाउसुद्धा भरत नव्हतं.

मग त्यांनी भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "सहाच्या खाली बघा. काय लिवलंय?" मी डोळा बारीक करून बघितलं. काही लिहिलेलं नव्हतं. "तिथं 'स्विस मेड' पाहिजे. कंपनीनं छापलेलं असतंय, मुंगीच्या पायाएवढं. आता वरची अक्षरं बघा, फेवरचा एफ केवढा जाड हाय आणि ल्युबाचा एल केवढा बारीक. आणि ह्या पट्ट्या," तासांच्या जागी बसवलेल्या सोनेरी पट्ट्यांकडं त्यांनी चिमट्याचं टोक नेलं, "ह्यांच्या बुडाशी रंग साठलाय बघा, चौकटीच्या कडंला ऑइलपेंट साठतोय तसा." दिसला. बारा वाजण्याच्या खालचं वाळूच्या घड्याळाचं इवलंसं चिन्ह तेवढं अस्सल, धातूचं, त्याच्या कमरेतही पांढरा रंग अडकलेला.

तबकडी रंगवलेली होती.

"आमच्यात ह्याला काय म्हणत्यात ठाऊक हाय? बाहेरच्या देशातलं गिऱ्हाईक 'मुंबई स्पेशल' म्हणतंय. जुनं मशीन, रंगवल्याली तबकडी. लांबनं झकास. जवळनं बघितलं की भाव पडला. मशीन चांगलं हाय ओ तुमचं, 17 ज्वेलचं, गंज न्हाई, काय न्हाई. पण हे घ्यायला येणारा माणूस मशीन बघतच न्हाई आधी. तबकडी बघतोय." मी विचारलं, मग किती? "चालवायला ठेवलं तर आयुष्यभर चालंल. विकायला गेलात तर चार-पाच हजार. अस्सल तबकडी असती तर, मग ती डागाळल्याली असली तरी, ह्याच्या तिप्पट-चौपट." डागाळलेली असली तरी? "डाग असल्यालं तर जास्तच आवडतंय लोकांस्नी. डाग म्हणजे कुणी हात लावला न्हाई, ह्याचा पुरावा."

त्या डागांची मला चांगली ओळख होती. चंदेरी तबकडीवर, चार आणि पाचच्या मधे सुरू होऊन वर चढत गेलेले तांबूस ठिपके. आई म्हणायची, "ह्याच्या तोंडावर वांग आलेत." 1994 साली आबांना साठ पूर्ण झाली. साठीशांत वगैरे करायचं नाही, असं त्यांनी आधीच बजावलेलं. आईनं तिच्या भिशीचे पैसे घेतले, मला बरोबर घेतलं आणि महाद्वार रोडवरच्या तेव्हाच्या एका दुकानात आम्ही ते घड्याळ देऊन आलो. दुकानदार म्हणाला, तबकडी मुंबईला पाठवावी लागेल, महिना जाईल. महिनाभर आई रोज कपाट उघडताना आबांकडं बघायची, त्यांना शालूच्या घडीतली रिकामी जागा दिसली की काय म्हणून. घड्याळ आलं तेव्हा तबकडी दुधासारखी पांढरी. आईनं ओवाळलं, घड्याळ पुढं केलं. आबांनी ते बराच वेळ बघितलं. उजेडात नेलं, मशीनवर काम केलेल्या माणसाच्या नजरेनं कडा बघितल्या. आणि म्हणाले, "बरं झालं." एवढंच. तेव्हा आम्हाला वाटलं, गहिवरले. आता भिंगातनं बघितल्यावर मला शंका येते, त्यांना तो जाड एफ दिसला असणार. पाचशे रुपयांच्या कामात पाव थाउची चूक पकडणारा माणूस. दिसला आणि ते 'बरं झालं' म्हणाले. की खरंच बरं वाटलं होतं? विचारायला दोघंही नाहीत.

मामांना मी हे काही सांगितलं नाही. कुणी रंगवलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा "जुनी गोष्ट आहे" म्हणून सोडून दिलं.

सोन्याचं कसं सोपं होतं. अकरा वाजता गुजरीतले आमचे मूल्यांकनकार यायचे, काळा कसोटीचा दगड, ॲसिडची बाटली आणि काटा मांडायचे. रजिस्टरला वजनाचे दोन रकाने, एक ढोबळ वजन आणि एक निव्वळ वजन. कोल्हापुरी साज असला की दोन्हींतलं अंतर वाढायचं, कारण मण्यांच्या पोटात लाख. ठुशीचा गोंडा वजा, मंगळसूत्राचे काळे मणी वजा, खडे वजा, सांधणीच्या डाकाची घट वजा. समोरच्या बाईच्या डोळ्यांदेखत डाग, म्हणजे दागिना, हलका होत जायचा. शेवटी उरायचं ते त्या दिवसाच्या भावानं गुणायचं, त्याच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज. डाग कुणाचा, कधी केला, किती वेळा मोडून परत घडवला, ह्यानं एका रुपयाचा फरक पडत नसे. मला तेव्हा ते निष्ठुर वाटायचं, आणि थोडं आवडायचंही. आजीच्या पाटल्या आणि परवा घेतलेल्या पाटल्या काट्यावर सारख्याच. मोडून परत घडवणं हा तर सोन्याचा धर्मच. घड्याळात नेमकं उलटं. इथं दुरुस्तीच वजा होते. केस पॉलिश केली तर कडा बोथट झाल्या म्हणून वजा, चावी दुसरी बसवली तर वजा, काटे बदलले तर वजा. ज्या घड्याळाची घरच्यांनी सगळ्यात जास्त निगा राखली, ते सगळ्यात पडेल भावाचं. ट्रंकेत विसरून गेलेल्याला मात्र सोन्याचे दिवस.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा मामा म्हणाले, "तसं न्हाई ओ. निगा म्हणजे ऑइलिंग. तेल वेळेवर बदललं तर मशीन झिजत न्हाई, त्यानं किंमत राहतीच. तुम्ही बायका निगा म्हणजे पावडर लावायला जाताय." मला राग आला. पण त्यांचं चुकलं होतं असंही म्हणता येत नाही.

मधेच एक मुलगा आला, पंचवीस-सव्वीसचा, हातात मोबाइल. त्यानं मागवलेलं एचएमटी पायलट दाखवायला आणलं होतं, झगझगीत मोरपंखी तबकडीचं. मामांनी बघितलं आणि हसले. 2016 च्या जानेवारीत केंद्र सरकारनं एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करायला मंजुरी दिली आणि तेव्हापासून हे सुरू झालंय म्हणे. ज्यांना कुणी रद्दीत विचारत नव्हतं ती घड्याळं लोक शोधायला लागले, आणि मागणी आली तशी चार घड्याळांची एक मोट बांधून, तबकडीवर नवे रंग चढवून 'कोरी' घड्याळंही यायला लागली. पोरगा हिरमुसला. म्हणाला, "पण ऑनलाइन तर सगळे ह्याच भावाला विकतायत." इथं मात्र माझ्यातली बँक जागी झाली. मी त्याला म्हटलं, बाळा, लावलेला भाव आणि मिळालेला भाव ह्यात फरक असतो. थकलेल्या कर्जातल्या सोन्याचा लिलाव व्हायचा तेव्हा आम्ही कागदावर काय धरलंय ह्याला कोण विचारत होतं? शेवटची बोली काय झाली, तो भाव. विकलं गेलेलं बघ, विकायला ठेवलेलं बघू नको. मामांनी माझ्याकडं पहिल्यांदा जरा आदरानं बघितलं. दादाचे 50 हजार त्याच वाक्यात गेले, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मग जनता. ह्याच्याकडनं मला काहीच अपेक्षा नव्हती. काच इतकी चरे पडलेली की काटे धुक्यातनं दिसावेत तसे. ग्राइंडिंगच्या ठिणग्यांनी काचेवर बारीक काळे ठिपके भाजून काढलेले. तबकडी पिवळट पडलेली, त्यावर देवनागरीत 'जनता'. 1961 साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं सुरू झालेल्या कारखान्यातलं हे घड्याळ, आबांनी 1971 ला घेतलं, पहिला बोनस मिळाला तेव्हा. पुढची 37 वर्षं हातात. मामांनी भिंगातनं बघितलं, आणि "अरे वा" म्हणाले. "हिला कुणी हात लावला न्हाई. तबकडी कंपनीची, काटे कंपनीचे, चावीसुद्धा पहिलीच." गरिबाच्या घड्याळाला कुणी पावडर लावत नाही, हे त्याचं कारण असणार. दादाच्या वहीत ज्याच्यापुढं रेघ होती, त्याला "हजार-दीड हजार तर कुणीबी दील" असं ते म्हणाले. आकडा लहानच. पण प्रमाण बघितलं तर लग्नातल्या स्विस घड्याळापेक्षा ह्यानं स्वतःची किंमत जास्त राखली होती.

त्यांनी मागचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून ट्यूबखाली धरलं. "घ्या, तुमच्या वडलांची कुंडली." झाकणाच्या आतल्या बाजूला, उघड्या डोळ्यांना निव्वळ ओरखडे वाटतील असं काही होतं. भिंगातनं ती अक्षरं झाली. घड्याळ उघडणारा प्रत्येक कारागीर आत सुईनं तारीख किंवा आपली खूण कोरून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी ऑइलिंग कधी झालं होतं ते कळतं. 3-74. 11-77. 5-80. 2-83. दर तीन वर्षांनी, मशीनच्या माणसाचा शिस्तीचा हिशेब. वेगवेगळी हस्ताक्षरं, एकाचा सात युरोपी पद्धतीनं मधे काट मारलेला, एकाच्या तारखेपुढं बारीक ओम. 2-83 नंतर एकदम 8-90.

सात वर्षं.

मी झाकण हातात घेऊन किती वेळ बसले कुणास ठाऊक. 85 साली आबांचा कारखाना बंद पडला होता. पहिल्यांदा टाळं, मग कोर्ट, मग नुसतीच वाट बघणं. आबा सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे आणि इथंतिथं रोजावर काम करायचे. आई लोकांचे ब्लाउज शिवायची. दादाचं कॉलेज सुटलं. मला 88 ला बँकेत नोकरी लागली आणि दोनेक वर्षांत हळूहळू सगळं रांगेला लागलं. ह्या सगळ्याबद्दल आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही, आजही वाटणीच्या गप्पांत ती वर्षं कुणी काढत नाही. ऑइलिंगला त्या वेळी पंधरा-वीस रुपये पडत असतील. आबांनी ते सात वर्षं केलं नाही, आणि घड्याळ तेल सुकलेल्या मशीनवर तसंच पळत राहिलं. माझ्या पहिल्या पगारातनं मी त्यांना नवा पट्टा घेतला होता, हे आठवलं. घड्याळ आतनं कसं आहे, हे विचारलं नव्हतं.

"अजून एक गंमत दाखवतो," मामा म्हणाले. त्यांनी ड्रॉवरमधनं एक छोटं होकायंत्र काढलं, शाळेत असतं तसलं, आणि जनता त्याच्या शेजारी सरकवलं. सुई थरथरली आणि घड्याळाकडं वळली. घड्याळ फिरवलं, सुई फिरली. "चुंबक भरलाय. वडील कशावर होते?" सरफेस ग्राइंडरवर, मी म्हटलं. "मग बरोबर. मॅग्नेटिक चक असतोय की त्याला." जॉब पकडायला त्या मशीनवर चुंबकाचा पाट असतो. दिवसाला शंभरदा हात त्याच्यावरनं जाणार. केसाएवढ्या स्प्रिंगचे वेढे चुंबकानं एकमेकांना चिकटायला बघतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी होते आणि घड्याळ पुढं पळायला लागतं. असलं जुनं चावीचं घड्याळ तासाला 18 हजार ठोके टाकतं, सेकंदाला 5, दिवसाला 4 लाख 32 हजार. त्यात शंभरामागं एक ठोका जास्त पडला तरी दिवसाला जवळजवळ पाव तास पुढं.

आबांचं घड्याळ कायम पुढं असायचं. ही आमच्या घरातली सर्वांत जुनी थट्टा. शाहू मिलचा भोंगा झाला की आबा मनगटाकडं बघायचे आणि म्हणायचे, "मिल मागं हाय." सांगली केंद्रावर बातम्या लागायच्या, तर आबांच्या मते रेडिओ मागं. लग्नाला आम्ही मांडव बांधायच्या वेळी हजर. एसटी स्टँडवर तर आमचं अर्धं बालपण गेलं, गाडीच्या आधी तासभर येऊन फलाटावर बसण्यात. आई वैतागायची, "एवढी घाई कसली म्हणते मी." आबांना त्यांच्या घड्याळाचा अभिमान होता, ते मागं पडत नाही म्हणून. रोज सकाळी ते घड्याळ लावायचेही, पण मनगट परत चकाकडं जायचं. 2003 साली मिल बंद झाली, मग मागं असायलाही कुणी उरलं नाही. आम्ही सगळे समजत होतो की तो स्वभाव आहे. चिंतेचा, धास्तीचा, गाडी चुकेल म्हणून घाबरणाऱ्या माणसाचा. निम्मा असेलही. बाकीचा निम्मा हा, होकायंत्राच्या सुईला हलवणारा. आबा गेले 2008 ला. उद्यमनगरातला तो शेडही आता नाही, तिथं गोडाऊन आहे.

मामांनी चुंबक काढायची निळ्या प्लास्टिकची एक डबी पुढं ओढली. बटण दाबून घड्याळ वर धरायचं आणि सावकाश लांब न्यायचं, झालं. "काढू?" मी विचारलं, काढल्यावर काय होईल? "टाइम बरोबर दाखवंल." आणि किमतीला? "किमतीला काय फरक पडतोय ओ त्यानं." मी दोन-तीन वेळा काहीतरी बोलायला तोंड उघडलं असणार, कारण त्यांनी बटणावरनं बोट काढून घेतलं आणि बाहेरच्या पोराला दोन चहा सांगितले. चहा आला. पिऊन झाला. मग मी म्हटलं, काढा. डबीतनं गुणगुण आवाज आला, दोन सेकंद. घड्याळ परत होकायंत्राजवळ नेलं. सुई उत्तरेकडं तोंड करून ढिम्म.

फेवरचं काय करू, त्यांनी विचारलं. मुंबईला अजून चांगलं रंगवून देणारे लोक आहेत, 'स्विस मेड'सुद्धा घालून देतात. मी म्हटलं, ऑइलिंग तेवढं करा, तबकडी जशी आहे तशी राहू दे. जनताची काच बदला, दिसत नाही काही. पण जुनी काच मला परत द्या. त्यांनी चिठ्ठीवर सगळं लिहिलं, 'जु. काच परत' हेसुद्धा, आणि मंगळवारी या म्हणाले. सकाळी विचारलेला प्रश्न त्यांनी परत विचारला नाही.

बोळातनं बाहेर पडते तोवर दादाचा फोन. "किती म्हणाला गं?" मी म्हटलं, दोन्ही मिळून आईच्या तांब्याच्या घंगाळापेक्षा फार जास्त नाही. तो गप्प झाला. मग म्हणाला, "आणि ते स्विस?" तबकडी नंतर रंगवलेली आहे, त्यामुळं भाव नाही. "कुणी रंगवली? आपण तर कधी..." त्या वेळी तो इचलकरंजीला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षात, त्याला ठाऊक असायचं कारण नाही. मागनं रिक्षा हॉर्न देत होती. मी म्हटलं, घरी आल्यावर सांगते. "मग वहीत काय लिहू?" "सध्या काही लिहू नको."

ह्याला आता तीन आठवडे झाले. फेवर परत रुमालात गेलं. जनता मी रोज सकाळी चावी देऊन हातात घालते, बायकी मनगटाला मोठं दिसतं, बसमध्ये लोक बघतात. नव्या काचेतनं 'जनता' स्पष्ट वाचता येतं. दादाला सांगायचं अजून सांगितलेलं नाही. आणि घड्याळ मागं पडतंय, दिवसाला साधारण एक मिनिट. 86,400 सेकंदांत 60 म्हणजे शेकडा 0.07 सुद्धा नाही. बँकेत एवढ्या फरकाकडं कुणी बघितलं नसतं. आत मागं-पुढं करायचा एक बारीक काटा असतो, तो केसभर सरकवायचा एवढंच काम, मामा फुकट करून देतील. अजून नेलेलं नाही.